सातव्या ग्रीनची कड

पहाटे साडेपाचला भरमाण्णा मुतगेकर
वेळूची लांब काठी आडवी फिरवत
सातव्या ग्रीनवरचं दव पाडतो.
काठी गेली की मागं गडद पट्टा उरतो,
पाटीवर ओला बोळा फिरवावा तसा.
"दव राहिलं की बुरशी बसते," सांगतो,
"आणि बुरशी कर्नल बघत नाही, माळी बघत नाही."

मला इथं लागून चार महिने झाले.
आमची आई येळ्ळूरच्या शिवारात
जन्मभर हरळी उपटत आली.
काशा वेचल्या, बांधावर वाळवल्या, जाळल्या,
तरी उन्हाळा सरला की एखादा डोळा फुटायचाच.
तिला कसं सांगू, तिचा लेक
पगार घेऊन हरळी वाढवतो,
रोज भादरतो,
बासमतीचे दोन दाणे एकावर एक ठेवावेत
एवढीच ठेवतो,
चाळलेली वाळू झाडूनं तिच्या मुळांत सारतो?
सांगितलं एकदा. ती हसली नाही.
म्हणाली, "खत कंचं घालतासा?"

तण काढायला येणारी बसव्वा तिला गरिके म्हणते.
क्लबच्या पाटीवर बर्म्युडा.
भादव्यात पुजारी येऊन कडेची जुडी मागतो, तेव्हा दूर्वा.
भरमाण्णा नुसतं 'ही' म्हणतो,
बायकोचं नाव घेत नाही तसं.

सातवं ग्रीन पालथ्या परातीसारखं.
डोळ्याला उतार डावीकडं,
चेंडू मात्र उजवीकडं वळतो, मार्कंडेय नदीकडं.
नदी इथून दिसत नाही.
नवे खेळणारे काठी आपटतात, आम्हाला बोलतात.
भरमाण्णा तांब्याभर पाणी ओततो
आणि बाजूला उभा राहतो.
पाणी जरा विचार करतं,
मग उजवीकडं जातं.

माघात त्यानं सळई आणली.
ग्रीनच्या बाहेर, लांब गवतात,
हातभर अंतरावर खुपसत निघाला.
मुरूम लागला की टक्.
वाळू लागली की काहीच नाही, सळई नुसती आत जाते.
"मशीनवाला कडेला भितो," म्हणाला,
"पातं बाहेर जाऊ नये म्हणून बोटभर आत वळतो.
वर्षाला बोटभर.
मी पण वळलो. माझ्या आधीचा पण."
साठ वर्षांत दोन पावलं ग्रीन गेलं
आणि कुणी नेलं नव्हतं.

जिथं वाळू संपली तिथं त्यानं फक्की ओढली.
आमच्या भागात रेघ म्हटली की माणसं आवाज चढवतात.
सेक्रेटरी नकाशा घेऊन आले,
वाळवीनं एक कोपरा खाल्लेला.
"यात ग्रीन गोल आहे, मुतगेकर."
भरमाण्णानं सळई त्यांच्या हातात दिली.
साहेबांनी एकदा खुपसली. दोनदा.
मग बूट काढून ठेवले आणि पुढं गेले,
पूर्ण फेरी, बोलले काहीच नाही.
कोपऱ्यापाशी वाळू बाहेर आली होती,
परातीला कान फुटावा तशी.
तो कान कुठल्याच कागदावर नव्हता.

तेव्हापासून ती पट्टी आम्ही उतरवतो आहोत.
आठवड्याला एक सूत, जास्त नाही.
एकदम कापली तर पिवळी पडून रुसते.
पाईपनं पोकळ भोकं पाडायची, वाळू भरायची,
संध्याकाळी पाणी नाही, पहाटेच.
आज कानावर पहिल्यांदा होल पाडलं.
निघालेला गड्डा कालच्या भोकात बसवला,
टाचेनं दाबला, शिवण दिसू दिली नाही.

सोमवारी खेळ बंद असतो.
आईला आणलं.
तिनं चपला रस्त्यावरच सोडल्या,
कडेला उकिडवी बसली,
आणि हात सवयीनं हरळीकडं गेला.
तिथं थांबला.
मग दोन बोटं सरकून
तिनं लव्हाळ्याचा एक कोंब उपटला,
मला न दिसलेला,
तुटका बुडखा डोळ्यांजवळ धरून बघितला.
"गाठ आत राहिली," म्हणाली.
"खुरपं दे."